पात्यावरचा लांडगा



जुन्या युरोपीय तलवारीचें कुलगोत्र ठरवावयाचें असलें म्हणजे पुष्कळांची नजर प्रथम पात्यावरील चिन्हाकडे जाते. तें स्वाभाविकच आहे; परंतु चिन्हाइतका सफाईनें खोटें बोलणारा साक्षीदार दुसरा नाहीं.

डॅन्यूबकाठच्या पासाऊ या जर्मन गांवचे कारागीर पात्यावर धांवता लांडगा कोरून त्या रेघांत पितळेची तार ठोकून बसवीत. चित्र कसलें, पांच-सहा फटकारेच ते! मध्ययुगांत पासाऊच्या पात्यांचा एवढा बोलबाला झाला कीं, झोलिंगेनच्या लोहारांनीं तो लांडगा सरळ उचलला. पुढें १६२९ च्या सुमारास झोलिंगेनचे कांहीं कारागीर लंडनजवळ हौन्सलो येथें जाऊन राहिले, आणि लांडगाही त्यांच्यामागून इंग्लंडांत गेला. तेव्हां ‘लांडगा म्हणजे पासाऊ’ हें समीकरण टिकत नाहीं. स्कॉटलंडच्या जाळीदार मुठीच्या तलवारींवर ‘आंद्रेया फेरारा’ हें इटालियन नांव आढळतें. त्यांतील बहुतेक पातीं झोलिंगेनचींच! जेनोआच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या दांतेरी कमानींची नक्कल तर हिंदुस्थानांतही झाली. आपल्या फिरंगेचें पातें बहुधा परदेशी आणि मूठ देशी. म्हणून पात्याची व मुठीची चौकशी नेहमीं वेगवेगळी करावी.

मग विश्वास कोणावर ठेवावा? माझ्या मतें, सरकारी अक्षरांवर. अल्सासमध्यें १७३० सालीं क्लिंगेनथालचा कारखाना निघाला. तोही झोलिंगेनचे कारागीर आणूनच. तेथील पुष्कळ पात्यांच्या पाठीवर कारखान्याचें नांव आणि साल कोरलेलें असतें. राजवट बदलली कीं नांवामागचें विशेषणही बदले. ‘नॅशनाल’ असेल तर क्रांतीनंतरचें प्रजासत्ताक, ‘अँपेरियाल’ असेल तर नेपोलियनचें साम्राज्य. तसेंच मुकुटाखालीं गुंफलेलीं जी. आर. हीं अक्षरें दिसलीं कीं इंग्लंडचा कोणी जॉर्ज राजा समजावा. निळसर झांक दिलेल्या पात्यावरील सोनेरी वेलबुट्टी कितीहि मनोहर असो, ती एवढें निश्चित सांगत नाहीं. तसें काम झोलिंगेनमध्येंही होई आणि बर्मिंगहॅममध्येंही.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. हें नक्षीकाम पुष्कळदां केसभरही खोल नसतें. दसऱ्याच्या शस्त्रपूजेपूर्वीं घरची तलवार राखेनें किंवा विटकरीच्या पुडीनें लखलखीत घांसली, तर चार-पांच दसऱ्यांत राजा, कारखाना व साल सारेंच पुसलें जातें. मग जाणत्यालाही कांहीं सांगतां येत नाहीं. मऊ फडकें आणि थेंबभर तेल पुरे. गंज फार असल्यास वस्तुसंग्रहालयांतील माहितगारास दाखवावा.