मतांची पैसेवारी
(हिंगोली जिल्हा बैठकीतील भाषण)



2024 साली आपल्या जिल्ह्याने सात महिन्यांत दोन वेळा मत दिले आणि दोन्ही वेळा चाचणीवाल्यांची गणिते चुकली.

26 एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले. 4 जूनला मोजणी झाली. देशभर बहुतेक चाचण्या सत्ताधारी आघाडीला 350 च्या पुढे नेत होत्या, ती 293 वर थांबली. महाराष्ट्रात 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीने घेतल्या. हिंगोलीत उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे नागेश पाटील आष्टीकर लाखाच्या वर मतांनी निवडून आले आणि शिंदे यांच्या शिवसेनेचे बाबूराव कदम कोहळीकर पडले.

मग 23 नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, तिन्ही जागा महायुतीला. लोकसभेला पडलेले कोहळीकर शेजारच्या हदगावातून आमदार झाले. राज्यात 288 पैकी 230 जागा! महायुती पुढे आहे असे बऱ्याच चाचण्या म्हणत होत्या, पण एवढी रास कोणी धरली नव्हती.

अंदाज का चुकतो, हे कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. नजर अंदाज पैसेवारी कशी निघते, ते आपण दरवर्षी पाहतो. सडकेच्या कडेचे रान हिरवे दिसले की अख्खे गाव 50 पैशांच्या वर जाते. आतल्या बरड रानात बोंडे गळून पडलेली असतात, तिकडे कोणी जात नाही. मतांची पैसेवारीही अशीच निघते. बसस्थानकावरचा माणूस बोलतो, तो कागदावर येतो. कापूस वेचायला गेलेली बाई कागदावर येत नाही. आणि विचारले तरी गावचा माणूस परक्याला पोटातले सांगत नाही.

दोन निकालांच्या मध्ये काय बदलले? लाडक्या बहिणीचे महिना 1,500 रुपये सुरू झाले. पंपाचे वीजबिल माफ झाले. आदल्या खरिपाच्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी 5,000 रुपये मिळाले. मतदान सुमारे 61 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेले. ज्या घरात दिवाळीला रोकड नसते, तिथे 1,500 रुपयांची किंमत काय असते, हे आपल्या मायबहिणींना माहीत आहे. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत.

बदलला नाही तो भाव. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 आणि सोयाबीनचा 4,892 रुपये होता. गावातल्या काट्यावर माल त्याच्या खालीच गेला. सोयाबीनला 6,000 देऊ, कर्जमाफी करू, असे प्रचारात सांगितले गेले. मार्च 2025 मध्ये उत्तर आले, पीककर्ज भरा.

जूनच्या निकालाचा अर्थ पुढाऱ्यांनी लावला, शेतकरी रागावला. नोव्हेंबरच्या निकालाचा अर्थ लावला, शेतकरी खूष झाला. आम्ही म्हणतो, दोन्ही वेळा शेतकरी तोच होता आणि त्याचे देणेही तेच होते. मत मोजता येते, मतामागचे कारण यंत्रात उमटत नाही. ते आपण सांगितले नाही, तर जिंकणारा आपल्या सोयीने सांगतो. ऑक्टोबर 2025 मध्ये शेतकरी नागपूरला रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे सरकारला कर्जमाफीसाठी 30 जून 2026 ची तारीख तोंडातून काढावी लागली. ती तारीख यंत्रातून निघालेली नव्हती.

म्हणून प्रत्येक गावाने एक वही घालावी. कोणी किती क्विंटल कापूस, ज्वारी, सोयाबीन कोणत्या दिवशी, काय भावाने विकली, ते पट्टीसह लिहावे. शेजारी त्या दिवशीचा हमीभाव लिहावा आणि फरक काढावा. जो उमेदवार मत मागायला येईल, त्याच्यापुढे गावासमोर ही वही वाचावी. हा फरक कसा भरणार, एवढेच विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच पानावर लिहून घ्यावे.

मत कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी वही घेऊन निवडून आलेल्याच्या दारात जायचे. आपली पैसेवारी आता आपणच काढायची.