स्वादुपिंड सुजतं तेव्हा आतड्यात काय घडतं?

पित्ताचा खडा नळीत अडकला की स्वादुपिंडातले पाचकरस आतच जागे होतात आणि त्या ग्रंथीलाच पचवू लागतात. बेंबीच्या वर उठलेली कळ थेट पाठीत जाते. घरात मात्र आजोबांना ‘गॅस झालाय’ म्हणत ओवा दिला जातो! खरी भीती आतड्यात असते. तिथला रक्तपुरवठा घटतो, अस्तर सैल पडतं, जंतू पलीकडे निसटतात. रोगप्रतिकारक पेशींचा तिथला पहारा उतारवयात ढिला झालेला असतो; शिवाय एकदा भडकलेला दाह लवकर शमत नाही. स्वादुपिंडाच्या सुजेची तीव्रता मोजणाऱ्या ‘बायसॅप’ गुणांकनात 60 वर्षांपुढच्या वयाला वेगळा गुण आहे. पूर्वी अशा रुग्णाला दिवसेंदिवस उपाशी ठेवत. आता सोसेल तसं, शक्यतो 24 तासांत, तोंडाने अन्न सुरू करतात. ते जमलं नाही तर नळीने. कारण रिकाम्या आतड्याचं अस्तर आणखी झिजतं.