ट्रॅकवरचे टायर आणि घरची वाट

आज बोलायचंय टायरबद्दल. तुम्ही म्हणाल, रेडिओवर हा काय विषय? पण आपण राहतो ते ठिकाण बघा. संध्याकाळी पोर्टो अरेबियाच्या कडेला कॉफी घेऊन बसलं, की समोरून एकेक गाडी अशी जाते की पोरं कप खाली ठेवतात. आणि द पर्लहून गाडी काढली की थोड्याच वेळात लुसैलचं सर्किट येतं. त्यामुळे आपल्या मंडळींपैकीही काही जणांना हा नाद लागलाय. दिवसभर ऑफिस, आणि हिवाळ्यात जमेल त्या संध्याकाळी हेल्मेट घालून ट्रॅकवर. मी त्यांतलाच एक. शर्यतवाला नव्हे, हौशी. आज जे सांगतोय त्यातलं बरंचसं स्वतः चुकून शिकलोय.

आधी सर्किटची ओळख. लुसैल २००४ साली सुरू झालं, मोटरसायकलच्या शर्यतींसाठी. २००८ पासून तिथे दिव्यांच्या उजेडात शर्यती होतात. एक फेरी सुमारे ५.४ किलोमीटरची, वळणं १६. त्यांतली १० उजवीकडे, ६ डावीकडे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर जातो. म्हणजे इथे डावी बाजू जास्त झिजणार आणि त्यातही पुढचं डावं चाक सगळ्यात आधी.

हे फॉर्म्युला वनवाल्यांनाही चुकलेलं नाही. २०२१ साली इथे पहिली शर्यत झाली, तेव्हा चार जणांचे पुढचे डावे टायर गेले. २०२३ मध्ये सरावानंतर पिरेलीने टायर तपासले, तर साइडवॉलच्या आत थर सुटायला लागलेले दिसले. कारण होतं वळणाकाठचे उंचवटे, ज्यांना कर्ब म्हणतात. त्यांवरून वेगाने पुन्हा पुन्हा गेल्यामुळे टायरला आतून मार बसत होता. शेवटी नियम केला, की कुठल्याही टायरवर १८ फेऱ्यांपेक्षा जास्त जायचं नाही. शर्यत ५७ फेऱ्यांची, म्हणजे प्रत्येकाला किमान तीनदा टायर बदलणं भाग पडलं. २०२५ मध्येही २५ फेऱ्यांची मर्यादा होतीच. यातून आपण एवढं घ्यायचं, की टायर बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून खचलेला असू शकतो. त्यांच्याकडे तपासायला इंजिनीअर असतात. आपल्याकडे आपण स्वतःच.

आता टायर निवडायचा कसा? टायरच्या कडेला ‘ट्रेडवेअर’ असा शब्द आणि पुढे एक आकडा असतो. आकडा मोठा तितका टायर टिकाऊ, आणि लहान तितका सहसा मऊ व चिकट. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० असतो, पायलट स्पोर्ट कप २ वर १८०. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरांत फरक कळायला तो बरा.

नवशिक्याने पहिल्या हिवाळ्यात ३०० च्या आसपासचाच टायर घ्यावा, असं माझं मत आहे. कारण पैशांचं नाही. हा टायर पकड सोडण्याआधी ओरडतो, सांगतो, मग हळूहळू सरकतो. फार चिकट टायर तुमच्या चुका झाकतो, आणि सोडतो तेव्हा वेग बराच जास्त असतो. शिवाय तीच गाडी तुम्ही रोज ऑफिसला नेणार. इथे पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो, पण पडतो तेव्हा रस्त्यावर तळी साचतात. कमी नक्षीचा ट्रॅकचा टायर त्या पाण्यावर तरंगतो.

दुसरं, टायरचं वय बघा. कडेला ‘डॉट’ या अक्षरांच्या रांगेत शेवटी चार आकडे असतात. २३२२ असेल तर २०२२ सालचा २३वा आठवडा. ‘फक्त दोनदा वापरलाय’ म्हणून कोणी स्वस्तात टायर देत असेल तर आधी हे आकडे वाचा. रबर उन्हाने वाळतं, कडक होतं. इथला एक उन्हाळा उघड्यावर काढलेला टायर नक्षी शाबूत असूनही आतून म्हातारा झालेला असतो.

आता ट्रॅकवर काय करायचं ते सांगतो. पहिल्या दोन फेऱ्या हळू घ्या. टायर गार असतो, आणि इथे वाऱ्याने येऊन बसलेली वाळूही असते. वाळूवर पकड तर जातेच, शिवाय ती पॉलिश पेपरसारखं रबर घासते. गाडी नेहमीच्या रेषेवर ठेवा, कर्बवर चढू नका. टीव्हीवर चढतात ते लोक वेगळे.

टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे नक्षी संपून कड सुरू होते तिथे, खडूने आडव्या रेघा मारा. चार-पाच फेऱ्या मारून या आणि बघा. खडू कडेवर खालपर्यंत पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, म्हणजे हवा कमी आहे किंवा तुम्ही वळणात फार जोरात शिरताय. खांद्यावरची रेघ तशीच असेल आणि मधलाच पट्टा झिजत असेल तर हवा जास्त आहे. एका खडूत एवढं कळतं.

डावी-उजवी झीज सारखी राहावी म्हणून चाकं अधूनमधून अदलाबदल करा. फक्त ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे, तो रिमवरून उतरवल्याशिवाय दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. आणि खोबणीतल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, रबर आलं की टायर संपला. गोटा होईपर्यंत वाट बघायची नाही.

आता हवेची गोष्ट, आणि माझी चूक.

टायर तापला की आतली हवा फुगते. दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय दाब वाढतो. मी घरून ३६ भरून गेलो होतो. ट्रॅकवरून आलो तर पुढे ४४. गाडी घसरत होती. म्हणून गरम टायरमधली हवा सोडून पुन्हा ३६ केली. इथपर्यंत बरोबर, सगळे करतात. गाडी मस्त चालली. रात्री खुशीत घरी आलो, बेसमेंटमध्ये गाडी लावली आणि झोपलो.

टायर गार झाला तेव्हा तो ३६ राहिला नव्हता. गणित मांडलं तर २८ च्या आसपास येतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. दुखानच्या समुद्रावर जायचं ठरलं होतं. बायको, दोन पोरं, मागे डबे, चटया, पाण्याचा कॅन. गाडी सुरू केली तर समोर हवेचा पिवळा दिवा. बायकोने विचारलं, “हा कसला?” मी म्हणालो, “कालचा आहे गं, ट्रॅकवर लागतोच.” काल तो मला खरंच माहीत होता. आज तो वेगळं सांगत होता, ते मी ऐकलं नाही.

भरलेली गाडी, १२० चा वेग. निम्मी वाट झाली असेल, स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. मग धप धप आवाज. कडेला घेतली. पुढच्या डाव्या टायरला हात लावला तर चटका बसला, आणि कडेवर लिंबाएवढा फुगा आला होता. हवा कमी म्हणून टायरची कड दर फेऱ्याला दुमडत होती आणि त्या दुमडण्याने आतून तापत होती. आदल्या रात्री त्याच चाकाने मी दोनदा कर्बही खाल्ला होता. अजून थोडा वेळ तसाच गेलो असतो, तर काय झालं असतं ते मागे बसलेल्या पोरांकडे बघून मला वेगळं सांगावं लागलं नाही.

बायको काही बोलली नाही. चाक बदलून झाल्यावर एवढंच म्हणाली, “तिथे हेल्मेट घालतोस ना? मग आम्हाला घेऊन जाताना दिवा तरी बघ.”

तेव्हापासून नियम केलाय. हेल्मेटच्या पिशवीत एक गेज आणि एक छोटा पंप असतो. ट्रॅकवर जेवढी हवा सोडली तेवढी वहीत लिहितो. सर्किट सोडण्याआधी ती परत भरतो. सकाळी टायर गार असताना, गाडी हलवण्याआधी, पुन्हा मोजतो. आणि चारही टायरांच्या आतल्या कडेवरून मोबाईलच्या उजेडात हात फिरवतो. कुठे फुगा, चीर, उघडा धागा लागला तर ती गाडी घरच्यांना घेऊन जात नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागतात.

माझे आजोबा कोल्हापूरकडे बैलगाडी हाकायचे. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला आपल्याकडे धाव म्हणतात. उन्हाळ्यात लाकूड वाळलं की धाव ढिली होते. म्हणून ऊस भरण्याआधी ते दोन्ही चाकांवर दगडाने ठोकून आवाज ऐकायचे. आवाज बद्द आला तर गाडी जुंपायची नाही, मग कारखान्यावर नंबर जाऊ दे. लहानपणी मला तो उगाच उशीर वाटायचा.

हिवाळा आलाय, ट्रॅक खुला आहे. जरूर जा, मजा करा. फक्त येताना हवा भरून या.