जीप थांबवायची कशी



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. आपल्या बॅचमध्ये त्यावर बोलू शकणारे निदान सातजण आहेत आणि त्यातले चौघं माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर. म्हणून मी आमच्या जीपच्या ब्रेकबद्दल बोलणार आहे. डिग्री इंजिनिअरिंगची आणि जन्म गेला कीबोर्ड बडवण्यात, त्यामुळे चार आकडे मांडायची संधी मी सोडत नाही.

जीप तुमच्या ओळखीची आहे. तालुक्याच्या कबड्डीला बाबा आपल्याला हिच्यातूनच न्यायचे. एका खेपेला चौदाजण, दोघं मागच्या फळीवर लटकलेले. महिंद्राची डिझेल जीप, बाबांनी १९८९ साली जुनीच घेतलेली. बाबा गेले तरी ती विकायचं कोणाच्या मनात आलं नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात ती बॉनेटपर्यंत बुडाली. नंतर एका गॅरेजात इंजिन उघडून साफ केलं, रंग मारला, बिल दिलं. ब्रेकला कोणी हात लावला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. रंग इतका झकास दिला होता की धाकट्या भावाला हुरूप आला आणि त्याने ३१ इंची टायर चढवले. दिसायला जीप खरंच रुबाबदार झाली. मीच फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला होता, तुम्ही अंगठे दाखवले होते.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कराडहून कुंभार्ली घाट उतरत होतो. भाऊ चालवत होता, मी शेजारी, मागे आई आणि सात वर्षांची भाची. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, प्रत्येक वळणावर ब्रेक. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. दोन वळणांनी भाऊ हळूच म्हणाला, “ताई, पेडल खाली जातंय.” त्याने पंपिंग केलं, गिअर दुसऱ्यावर आणला, मी हँडब्रेक ओढला. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो आणि त्याला ब्रेक ऑइल लागत नाही. त्यामुळेच तो लागला. डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालून आम्ही थांबलो. आई काही बोलली नाही. भाचीने विचारलं, “पोचलो का?”

घरी आल्यावर मी फीत घेऊन बसले. जुना टायर साडेअठ्ठावीस इंच भरला, नवा ३१. फरक सुमारे ९ टक्के. सर, तुम्ही फळ्यावर तरफ काढून शिकवायचात, तेच इथे लागू होतं. ब्रेक ड्रम तेवढाच, त्याचा पीळही तेवढाच, पण चाकाची त्रिज्या वाढली. म्हणजे रस्त्यावर मिळणारा रोखायचा जोर ८ टक्के घटला. इंजिन ब्रेकिंगही तितकंच घटलं, कारण गिअर असल्यासारखा मोठा होतो. वर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. तो ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ वर असते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. सगळं गुणलं तर त्याच काट्यावर, तेवढाच पाय दाबून, जी गाडी ५० मीटरमध्ये थांबायची तिला आता ६४ लागतात. शिवाय पुराचं पाणी. ब्रेक ऑइल पाणी शोषतं. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते, ओल धरल्यावर ती १४० वर येते. घाटात तापलेल्या ड्रमच्या शेजारी ते उकळलं, वाफ झाली आणि वाफ दाबली जाते.

मग तीन महिने मी ब्रेक निवडत होते. भावाचं म्हणणं, पुढे बोलेरोची डिस्क टाकू, पुष्कळ लोक टाकतात. मलाही डिस्क हवी होती. ती लवकर थंड होते, ओढ्यातून गेल्यावर पाणी चटकन झटकते. पण ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमसोबत स्वतःहून आत ओढला जातो, तशी मदत डिस्कला नसते. म्हणून पायाला बूस्टर लागतो. बूस्टरला व्हॅक्यूम लागतं आणि डिझेल इंजिनात ते आपोआप मिळत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर आला. कॅलिपरला तेल जास्त लागतं, म्हणून मास्टर सिलिंडर मोठा आला. पाऊण इंचाऐवजी एक इंची घेतला तर पिस्टनचं क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून जास्त होतं, आणि बूस्टर नसेल तर पेडल दगडासारखं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ बदलायला गेलं की सहा फायली उघडाव्या लागतात, अगदी तसं.

याच सुमारास आपला एक वर्गमित्र, गॅरेज चालवणारा (तो लाजेल म्हणून नाव घेत नाही), माझा कागद वाचून म्हणाला, “सगळं बरोबर. पण चाकं कोणी मोठी केली?”

मला राग आला, कारण एका वाक्यात अर्धा कागद रद्द झाला होता. त्यात मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही आहे, मूळ गाडीत मनाला येईल तसा बदल चालत नाही. भावाशी दोन आठवडे भांडण चाललं. त्याचं म्हणणं, बाबांनी टायर ठेवले असते. माझं म्हणणं, बाबांनी आधी घाट पाहिला असता. शेवटी ६४ मीटरचा आकडा मी अंगणात चुन्याने आखायला घेतला. अंगण संपलं, रस्ता ओलांडून शेजाऱ्यांच्या फाटकात रेघ गेली. तेव्हा तो गप्प झाला.

टायर उतरले. डिस्क राहिली. ड्रम लेथवर टर्निंग करून घेतले, लायनर, व्हील सिलिंडर, नळ्या सगळं नवीन. ज्या एका गोष्टीवर मी अडून बसले, ती म्हणजे दोन खोल्यांचा मास्टर सिलिंडर, त्याच कंपनीच्या नंतरच्या जीपचा. बाबांच्या गाडीत चारही चाकांना एकच खोली होती. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. चौदा मुलं कोंबून आपण त्या एका खोलीच्या भरवशावर फिरलो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. आता ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, तारीख डॅशबोर्डवर चिकटवली आहे.

३१ इंची टायर भावाने अजून विकलेले नाहीत. एकात आईने कढीपत्ता लावला आहे.

जीप बाहेर फाटकापाशी उभी आहे. कोणाला चक्कर मारायची असेल तर जेवणानंतर या. एका खेपेला सहाच, आणि फळीवर कोणी लटकायचं नाही.