सोसू नका, सांगा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी दाराशी उभे राहून अत्तर-गुलाब देण्याचे काम माझ्याकडे असते. भाषण हा माझा प्रांत नव्हे. परंतु गेल्या वर्षी दाराशी मी नव्हते, हे बऱ्याच जणींच्या लक्षात असेल. "बरे नाही" एवढाच निरोप मी पाठवला होता. काय बरे नव्हते, ते आज सांगावे म्हणून चिटणीसबाईंकडून मी दहा मिनिटे मागून घेतली आहेत.

मला उदासीनतेचा आजार झाला होता. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात. घरात उणे काही नव्हते. मुलगा मार्गी लागलेला, सून समजूतदार. "तुला काय कमी आहे गं?" असे थोरल्या जाऊबाई विचारीत, आणि मला उत्तर सुचत नसे. पहाटे तीनला जाग येई, ती उजाडेपर्यंत. आमटीला फोडणी द्यायची, तर मोहरीचा डबा काढणेही जड वाटे. शेवटी ह्यांनी हट्टाने मला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले.

त्यांनी एस्सिटॅलोप्राम नावाची गोळी सुरू केली. पहिला आठवडा पाच मिलिग्रॅम, मग दहा. "गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही लागतात. त्रास मात्र आधी होऊ शकतो, तेव्हा घाबरून सोडू नका," असे त्यांनी बजावले. झालेही तसेच. पहिले दहा दिवस मळमळ होती, ती गेली. पाचव्या आठवड्यात एके सकाळी अंगणात रांगोळी काढावीशी वाटली. ह्यांनी ती रांगोळी पाहिली आणि काही न बोलता चहा ठेवला.

परंतु दुसरेच काही मागे राहिले होते. डोके जड, पाय लटपटत, जिन्याची पायरी चुके, बोलताना शब्द सापडत नसे. मला वाटले, गोळीचा हा मोबदला द्यावाच लागणार. मन बरे झाले, आता शरीराची तक्रार कोणत्या तोंडाने करू? आपल्याला लहानपणापासून सोसण्याचेच कौतुक शिकवले आहे ना!

मग एकदा कंटाळून, कोणालाही न विचारता, मी गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होई, चक्कर येई, उगीच रडू येई. जुना आजार उलटला, असे समजून मी घाबरले आणि पुन्हा गोळी घेतली. ही गोळी एकाएकी थांबवली की असे होते, ती हळूहळू कमी करायची असते, हे मला पुढे कळले.

सव्वादोन महिन्यांनी मी न्हाणीघराच्या दाराशी पडले. हाड मोडले नाही, हे नशीब. रक्त तपासले, तेव्हा त्यातले सोडियम १२४ निघाले. ते १३५ ते १४५ असावे लागते. चार दिवस रुग्णालयात राहावे लागले.

आता हे का झाले, ते ऐका. आठ वर्षे मी रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी व क्षार काढणारी गोळी घेत होते. तिने काही जणींचे सोडियम उतरते. मनाच्या या गोळीनेही उतरते, विशेषतः साठीनंतर. दोन्ही एकत्र आल्या आणि मी मधोमध सापडले. दोन्ही डॉक्टर चांगले. पण रक्तदाबाच्या डॉक्टरांना मी मनाची गोळी सांगितली नव्हती आणि मनाच्या डॉक्टरांना रक्तदाबाची सांगितली नव्हती. पहिल्यांना सांगायची लाज, आणि दुसऱ्यांना सांगण्याजोगे त्यात काही असेल असे वाटलेच नाही. दोष गोळीचा थोडा, माझ्या झाकून ठेवण्याचा फार.

डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बदलल्या. आता मनासाठी मी रात्री मिर्टाझापिन घेते. तिच्यात सोडियमचा धोका कमी, पण अगदीच नाही असे नाही. म्हणून पहिल्या महिन्यात दोनदा रक्त तपासले. झोप छान लागते. मात्र भूक वाढली. चार महिन्यांत वजन साडेचार किलोंनी वाढले, पोलकी उसवून घ्यावी लागली! सकाळी गुंगी राही, तोंड कोरडे पडे. पण या वेळी मी वहीत लिहून ठेवले: कोणता त्रास, कधी, किती. ती वही पाहून डॉक्टरांनी गोळी झोपण्याच्या बऱ्याच आधी घ्यायला सांगितली. गुंगी उतरली. संध्याकाळी आम्ही दोघे आयर्विन पुलापर्यंत फिरून येतो. रात्री भाताऐवजी अर्धी भाकरी. तोंडासाठी घोट घोट पाणी. वजन आता वाढायचे थांबले आहे, उतरलेले नाही. तेवढे मी पत्करले आहे. विचारून, समजून पत्करले आहे. सोसणे आणि पत्करणे यांत हाच फरक.

एक गंमत सांगते. उदासीनतेवरच्या अगदी पहिल्या औषधांपैकी एक सापडले, तेच मुळी दुष्परिणामातून. १९५२ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनायझिड देत होते. त्यांच्यातले काही एकाएकी हौशी, बोलके झाले. पुढे यकृताला अपाय होतो म्हणून ते औषध मागे पडले. पण रोग्याच्या अंगावर काय दिसते ते कोणीतरी नीट पाहिले, म्हणूनच ते सापडले. आपणही आपल्या अंगाकडे तसेच पाहावे.

भगिनींनो, माझी विनंती थोडकी आहे. सगळ्या गोळ्यांची एक चिठ्ठी करून पर्समध्ये ठेवा. प्रत्येक डॉक्टरांना ती दाखवा. अंगदुखीवर आपण सहज घेतो ती गोळीही तिच्यात लिहा, कारण ती यांतल्या काही औषधांबरोबर घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्या मनाने गोळी बंद करू नका आणि शेजारणीची गोळी घेऊ नका. माझ्या गोळीचे नाव ऐकून तीच मागायलाही जाऊ नका. आणि जगणे नकोसे वाटले, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. तेही जमले नाही, तर माझे दार वाजवा.

यंदा अत्तर-गुलाब मीच दिले. ज्यांना मिळाले नसेल, त्यांनी जाताना घेऊन जावे.