हिशोबाचा चार्ज

आजचा विषय जुना आहे, पण बऱ्याच घरांत तो आत्ता टेबलावर आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला. नवा कॉम्प्युटर आला, आणि वीस-पंचवीस वर्षांचा हिशोब जुन्या मशीनवर 'मायक्रोसॉफ्ट मनी'मध्ये अडकलाय. कंपनीने २००९मध्ये त्याची विक्री बंद केली. २०१०मध्ये 'मनी प्लस सनसेट' ही फुकट आवृत्ती दिली. ती फाईल उघडते, पण बँकेतून काही उतरवून घेत नाही.

मुलं विचारतात, कशाला हवा हा कचरा? हवा. ३१ जानेवारी २०१८पर्यंत घेतलेले लिस्टेड शेअर आज विकले, तर नफा काढताना त्या दिवसाचा भाव बघतात, आणि तुमची मूळ खरेदी किंमतही. घर विकताना तेच, खरेदीची तारीख आणि रक्कम लागते. त्यात आम्हा फौजींची खाती पठाणकोट, जबलपूर, वेलिंग्टन अशी विखुरलेली. इतकी जुनी नोंद बँक शोधून देईलच असं नाही.

युनिटमध्ये स्टोअरचा चार्ज देताना नुसती यादी हातात ठेवून कोणी निघून जात नाही. देणारा आणि घेणारा मिळून एकेक वस्तू मोजतात, मगच सह्या होतात. इथेही तसंच करायचं.

आधी एमएनवाय फाईलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि नव्या मशीनवर सनसेटमध्ये ती प्रतच उघडा. नवी आवृत्ती फाईल बदलून टाकते आणि मग जुन्या आवृत्तीत ती उघडत नाही. सनसेटवरच थांबलात तरी काम चालेल, पण ज्या प्रोग्रामला मालकच उरला नाही, त्यावर मी तरी विसंबणार नाही. मला 'ग्नूकॅश' बरा वाटतो. तोही फुकट, आणि अजून सांभाळला जातो. मनीमधून प्रत्येक खातं वेगळं, क्यूआयएफ स्वरूपात बाहेर काढावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, एक दुपार जाते. सगळ्या फायली ग्नूकॅशमध्ये एकदमच भरा. नाहीतर बचत खात्यातून एफडीत टाकलेले पैसे दोनदा मोजले जाऊ शकतात.

खरी मेख तारखेत आहे. ०१/०४/१९९९ म्हणजे आपल्याला १ एप्रिल. अमेरिकी पद्धतीत ती ४ जानेवारी होते, म्हणजे आर्थिक वर्षच बदललं! प्रोग्राम तारखेची पद्धत विचारतो, तेव्हा घाईत 'ओके' दाबू नका. तेरा तारखेच्या पुढची एखादी नोंद उघडून खात्री करा.

मग मोजणी. दर वर्षीच्या ३१ मार्चची शिल्लक, खात्यागणिक, दोन्ही पडद्यांवर जुळली पाहिजे. शेअरची संख्या डीमॅट स्टेटमेंटशी ताडून बघा. बोनस आणि स्प्लिटच्या नोंदी हमखास घोळ घालतात. दहा रुपयांचाही फरक सोडू नका, त्याच्यामागे एखादी अख्खी नोंद गहाळ असू शकते.

आणि पासवर्ड. माझ्या एका सहकाऱ्याच्या पत्नीकडे फाईल होती, मशीन होतं, पासवर्ड मात्र त्याच्याबरोबर गेला. म्हणून शेअर, घर आणि एफडीची यादी कागदावर छापा. माझी पीपीओच्या फाईलमध्ये आहे, सौभाग्यवतींना जागा ठाऊक आहे.

जुनं मशीन पुढचं रिटर्न भरून होईपर्यंत तसंच ठेवा. तोवर फॉर्मॅट नाही, आणि भाच्याला भेटही नाही.