प्राचीन लिपी आणि संगणक
(अंबरनाथ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख आपणांस परिचित आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील या लेखाचे वर्ष शके 982, म्हणजे इ. स. 1060 होय. परंतु आरंभीच्या वाचनात ते शके 782 असे लागले होते. एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले! प्राचीन चिन्हे संगणकात नोंदविताना हा धडा विसरून चालणार नाही.

संगणक अक्षर जाणत नाही. तो क्रमांक जाणतो. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत प्रत्येक चिन्हास स्वतंत्र क्रमांक असतो, म्हणून येथे टंकलिखित केलेला मजकूर अन्यत्रही वाचता येतो. इजिप्तच्या चित्रलिपीतील 1,071 चिन्हांना असे क्रमांक 2009 मध्ये मिळाले. आपली मोडी आणि सिंधी व्यापाऱ्यांच्या वह्यांतील खुदाबादी या लिपींना ते 2014 मध्ये मिळाले.

उल्हासनगरच्या सिंधी बांधवांनी 1947 नंतर जो प्रांत सोडला, त्याच सिंधमध्ये मोहेंजोदडो आहे. तेथील मुद्रांवरील लिपीला मात्र युनिकोडमध्ये अद्याप स्थान नाही. इरावतम् महादेवन यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणकाच्या साहाय्याने तयार केलेली सूची 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 417 चिन्हे आहेत. इतर अभ्यासकांच्या सूचींत ही संख्या निराळी आहे. लिपी वाचता येत नसल्याने दोन सारखी चिन्हे ही भिन्न अक्षरे की एकाच अक्षराची दोन वळणे, हे ठरविणे कठीण जाते. युनिकोडमध्ये एकदा दिलेला क्रमांक मागे घेता येत नाही. म्हणून येथे विलंब हा दोष नसून सावधगिरी आहे.

मग आपले कर्तव्य कोणते? गावातील शिलालेख वा वीरगळ यांस रंग, शेंदूर किंवा चुना लावू देऊ नये. तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. गाव, जागा व दिनांक लिहावा. जुन्या मोडी कागदांचीही अशीच नोंद करावी. वाचन मूळ छायाचित्रापासून वेगळे ठेवावे आणि शंकास्पद अक्षरापुढे प्रश्नचिन्ह घालावे.

अंबरनाथच्या लेखाचे वर्ष दुरुस्त होऊ शकले, कारण मूळ दगड पुन्हा पाहावयास शिल्लक होता. आपल्या गावचा दगड आणि कागद असाच शिल्लक राहावा, एवढीच विनंती.